सव्वादोनशे ग्रॅमच्या कॅडबरीत सव्वाचारशे मिली दूध मावतं कसं?

इंग्लंडहून कुणी आणलेली डेअरी मिल्क हाती लागली, तर वेष्टनावरचं बारीक अक्षरातलं एक वाक्य वाचून बघा. दर २२७ ग्रॅम चॉकलेटमागे ४२६ मिली ताज्या दुधाइतका ऐवज आहे, असं त्यात म्हटलेलं असतं. २२७ ग्रॅम म्हणजे जुना अर्धा पौंड आणि ४२६ मिली म्हणजे पाऊण पिंट. १९२८ पासून जाहिरातींतून ‘दीड ग्लास दूध’ म्हणून जे सांगितलं गेलं, ते हेच. आता हिशोब मांडा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे ४२६ मिलीचं वजन ४३९ ग्रॅमच्या आसपास भरतं. वस्तू २२७ ग्रॅमची, तिच्यात दूध ४३९ ग्रॅम, शिवाय साखर आणि कोको. हे कसं काय?

बासुंदी आटवलेल्या कुणालाही उत्तराचा अंदाज येईल. दुधात जवळपास ८७ टक्के पाणीच असतं. ते काढून टाकलं की ४३९ ग्रॅम दुधातून ५५ ते ५७ ग्रॅम घन भाग उरतो: स्निग्धांश, प्रथिनं, दुधातली साखर आणि क्षार. तेवढा २२७ ग्रॅममध्ये आरामात बसतो. हिशोब सुटला. पण ते पाणी काढायचं कसं, या एका प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातल्या चॉकलेट बनवणाऱ्यांना काही दशकं दमवलं. आज ज्याला आपण सरसकट ‘कॅडबरी’ म्हणतो, तो बार त्या प्रश्नाच्या उत्तरातून जन्माला आला.

२०२४ आणि २०२५ मध्ये कोकोच्या भावाच्या बातम्या झाल्या, बार बारीक झाले, काही बिस्किटांवरून ‘चॉकलेट’ हा शब्दच गेला. या बातम्या नीट कळायच्या तर बारमध्ये नेमकं काय असतं आणि ते तिथे कसं आलं, हे आधी कळायला हवं.

आधी तीन शब्द

आपल्याकडे वेष्टनातल्या कुठल्याही गोड गोळीला ‘चॉकलेट’ म्हणायची आणि खऱ्या चॉकलेटला, ते कुठल्याही कंपनीचं असो, ‘कॅडबरी’ म्हणायची पद्धत आहे. या लेखात चॉकलेट म्हणजे कोकोच्या बियांपासून केलेलं, एवढंच.

कोकोचं फळ फोडलं की पांढऱ्या गरात गुरफटलेल्या बिया निघतात. त्या पाच-सात दिवस आंबवतात, उन्हात वाळवतात, भाजतात आणि टरफलं काढून दळतात. या बियांत निम्म्याहून जास्त तेल असतं. त्यामुळे शेंगदाण्याचं कूट दळता दळता जसं तेल सुटून ओलसर होतं, तसं इथे होतं, आणि त्याहून पुढे जाऊन चक्क दाट द्रव तयार होतो. हा कोको मास. तो दाबून त्यातली चरबी पिळून काढली की हाती येतं कोको बटर. मागे जो चोथा राहतो, तो दळला की कोको पावडर. कोको बटर पिळणारं यंत्र नेदरलँड्समधल्या व्हॅन हौटेन यांच्या कारखान्यातलं, १८२८ सालचं. तोवर चॉकलेट म्हणजे प्यायचं पेय होतं. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको पावडर आणि साखरेत हे पिळलेलं कोको बटर परत मिसळलं, साच्यात ओतलं आणि चॉकलेट चावून खाता येऊ लागलं.

तो बार कडवट आणि भरड होता. त्यात दूध घालावं हे कुणालाही सुचण्यासारखं होतं, कारण चॉकलेट पिताना लोक दूध घालतच होते. स्वतः कॅडबरी मंडळी सर हॅन्स स्लोन या लंडनच्या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी दुधातल्या चॉकलेटची कृती १८४९ पासून काही दशकं विकत होती. ते पेय होतं. बार करायचा म्हटलं की गाडी अडायची.

एक चमचा पाण्याने काय बिघडतं

स्वयंपाकघरात हे पाच मिनिटांत बघता येतं. १०० ग्रॅम चॉकलेट वितळवा. त्यात एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पाणी घाला आणि ढवळा. गुळगुळीत, वाहतं चॉकलेट बघता बघता घट्ट, रवाळ गोळा होऊन चमच्याला चिकटतं. पाणी घातल्यावर पदार्थ पातळ व्हायला हवा, इथे तो आळतो.

असं होतं, कारण वितळलेलं चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण. प्रत्येक कणाभोवती चरबीचा पातळ थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात. पाण्याचा थेंब आला की तो चरबीत मिसळत नाही, थेट साखरेला जाऊन भिडतो. साखरेचे कण वरून ओले होतात आणि एकमेकांना चिकटतात. पिठीसाखरेच्या डब्यात ओला चमचा घातला की जे गोटे होतात, तेच हे.

मग दूध जास्त घातलं तर? तेही करून बघा. त्याच १०० ग्रॅममध्ये ५० ते ६० मिली गरम दूध थोडं थोडं घालून घोटलं, तर गोळा सुटतो आणि सुंदर चकचकीत सॉस होतो. केकवर ओततात तो हाच. पण तो साच्यात ओतून कडक बार होत नाही, तो मऊच राहतो. शिवाय त्यात आता पाणी आहे, म्हणजे जंतूंची आणि बुरशीची सोय झाली. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकेल, दुकानाच्या फळीवर सहा महिने टिकणार नाही. चॉकलेटचा बार महिनोन्महिने टिकतो, कारण त्यात पाणी साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. ८७ टक्के पाणी असलेला पदार्थ एक टक्का पाणी सहन करणाऱ्या पदार्थात घालायचा, अशी ही अडचण होती.

मग खवा करून घालावा, असं मनात येईल. खवा कोरडा वाटतो, पण त्यातही पंचवीस-तीस टक्के पाणी असतं. म्हणूनच तो उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो. तोही चालणार नाही.

वेवेचा मेणबत्तीवाला

स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावात डॅनिएल पीटर मेणबत्त्या बनवायचे. रॉकेलच्या दिव्यांनी तो धंदा बसवला. सासरे फ्रांस्वा-लुई काये हे चॉकलेट बनवणारे, त्यामुळे पीटर त्या धंद्यात शिरले. शेजारी राहायचे हेन्री नेस्ले, तान्ह्या मुलांसाठी दुधाचं पीठ बनवणारे. चॉकलेटच्या इतिहासात या शेजाराचं वजन मोठं आहे, कारण दुधातलं पाणी कमी करण्याचं ज्ञान तेव्हा चॉकलेटवाल्यांपेक्षा दूधवाल्यांकडे जास्त होतं.

पीटर यांचे सुरुवातीचे प्रयोग पाण्यानेच हाणून पाडले. दुधाचा ओलावा राहायचा आणि माल खराब व्हायचा. १८७५ मध्ये त्यांना जमलं. साधं दूध सोडून त्यांनी आटवलेलं दूध घेतलं, ते कोको आणि साखरेबरोबर आणखी सुकवलं आणि मग त्यात कोको बटर मिसळलं. पुढे काही वर्षांनी त्यांनी आणलेल्या बारचं नाव ‘गाला पीटर’. गाला म्हणजे ग्रीक भाषेत दूध. १८७९ मध्ये बर्नमध्ये रोडोल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन् तास घोटणारं यंत्र काढलं, त्याने आंबूस वास उडून जायचा आणि कण चरबीत नीट माखले जायचे. या दोन गोष्टींच्या जोरावर पुढची पंचवीस-तीस वर्षं दुधाचं चॉकलेट म्हणजे स्विस चॉकलेट, असंच समीकरण झालं.

बर्मिंगहॅमचा फसलेला बार

जॉन कॅडबरी यांनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर दुकान उघडलं. चहा, कॉफी आणि प्यायचं चॉकलेट विकायचे. ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. या पंथाचा दारूला विरोध, त्यामुळे कोको हे दारूला चांगला पर्याय म्हणून ते मनापासून मानत. ब्रिस्टलचे फ्राय आणि यॉर्कचे राउंट्री हे चॉकलेटवालेही क्वेकरच. १८६१ मध्ये धंदा रिचर्ड आणि जॉर्ज या मुलांकडे गेला, १८६६ मध्ये त्यांनी व्हॅन हौटेनचं यंत्र वापरून शुद्ध कोको पावडर काढली आणि १८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर बॉर्नव्हिलला हलवला. तिथे कामगारांसाठी वसवलेल्या गावात दारूचं दुकान नव्हतं.

१८९७ मध्ये त्यांनी पहिलं दुधाचं चॉकलेट बाजारात आणलं, आणि ते चाललं नाही. कोको मास, कोको बटर आणि साखर यांत त्यांनी दुधाची भुकटी मिसळली होती. पाण्याचा प्रश्न सुटला होता, कारण भुकटी कोरडीच. पण बार भरड आणि कोरडा लागायचा. घरी कोको बटर, पिठीसाखर आणि मिल्क पावडर घालून चॉकलेट करणाऱ्यांना ही चव ओळखीची वाटेल. जिभेला साधारण ३० मायक्रॉनपेक्षा मोठा कण टोचतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. मिक्सर चॉकलेट इतकं बारीक करू शकत नाही, त्यामुळे घरचं चॉकलेट चवीला छान पण जिभेला रवाळ. १८९७ च्या बारचं दुखणं याच जातीचं होतं.

१९०४ मध्ये जॉर्ज कॅडबरी ज्युनियर यांच्याकडे काम आलं: स्विसांपेक्षा चांगलं दुधाचं चॉकलेट करून दाखवा, आणि त्यात दूध बाजारातल्या कुठल्याही बारपेक्षा जास्त हवं. त्यांनी भुकटी टाकली आणि ताजं दूध धरलं. जून १९०५ मध्ये बार विक्रीला आला. हायलँड मिल्क, जर्सी, डेअरी मेड अशी नावं चर्चेत होती, शेवटी ‘डेअरी मिल्क’ ठरलं. १९१४ पर्यंत कंपनीच्या साऱ्या मालात तो सर्वांत जास्त विकला जात होता.

क्रम्ब: इथेच खरी मेख आहे

डेअरी मिल्कच्या पद्धतीचा गाभा ज्या पदार्थात आहे, त्याला कारखान्यात क्रम्ब म्हणतात. क्रम्ब म्हणजे कोकोबरोबर आटवलेला, पार कोरडा केलेला खवा असं समजा.

ताजं दूध बंद भांड्यात, आतली हवा खेचून आटवतात. प्रेशर कुकरच्या नेमकं उलट. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर उकळतं, इथे दाब कमी म्हणून ते बऱ्याच कमी तापमानाला उकळतं आणि दूध करपत नाही. घन भाग ३० ते ४० टक्क्यांपर्यंत आला की साखर घालतात. पुन्हा आटवतात, मिश्रण ९० टक्के घन होईपर्यंत. आता त्यात कोको मास घालून जाड मिश्रण मळतात. मळता मळता साखरेचे बारीक कण जमू लागतात. नारळाच्या वड्यांचं मिश्रण घोटताना एका क्षणी ते कडेने कोरडं पडून गोळा होऊ लागतं, तशी ही अवस्था. मग पुन्हा कमी दाबाखाली वाळवून पाणी एक टक्क्याच्या आसपास आणतात. हाती येतो तपकिरी, ठिसूळ चुरा.

यात एकाच वेळी दोन-तीन कामं होतात, आणि ते मला फार सुंदर वाटतं. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की त्यांच्यात मेलार्ड अभिक्रिया होते, म्हणजे रंग तपकिरी आणि चव खमंग करणारी क्रिया. सातारी कंदी पेढ्याचा खवा परतून परतून जो रंग आणि वास घेतो, तो याच क्रियेमुळे. डेअरी मिल्कची जरा भाजक्या, कॅरॅमलच्या अंगाने जाणारी चव इथून येते. भुकटीपासून केलेलं स्विस धाटणीचं चॉकलेट ताज्या दुधासारखं लागतं, त्याचं कारणही हेच: भुकटी इतकी शिजलेली नसते.

दुसरं काम टिकण्याचं. दुधाची भुकटी काही महिन्यांत खवट होते, कारण तिच्यातल्या चरबीला हवा लागते. कोकोत या खवटपणाला अडवणारे घटक असतात, त्यामुळे क्रम्ब जास्त टिकतो. इंग्लंडमध्ये वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गवत भरपूर, तेव्हा दुधाचा पूर, आणि चॉकलेटची मागणी हिवाळ्यात, नाताळला. पुराच्या दिवसांतलं दूध क्रम्ब करून ठेवलं की हिवाळ्यापर्यंत चिंता नाही.

शिवाय क्रम्ब हलका. दूध बर्मिंगहॅमला न्यायचं म्हणजे ८७ टक्के पाणीच वाहून न्यायचं. म्हणून कॅडबरींनी १९११ मध्ये स्टॅफर्डशरमध्ये नाइटन इथे, गायींच्या मुलखात आणि कालव्याच्या काठावर, दुधाचा कारखाना काढला. तिथे दूध आटवून केलेला क्रम्ब कालव्यातल्या लांब होड्यांतून बॉर्नव्हिलला जायचा. ही वाहतूक १९६१ पर्यंत चालली.

तोंडात विरघळतो, हातात का नाही?

क्रम्ब कारखान्यात आला की त्यात आणखी कोको बटर घालून पोलादी रुळांमधून दळतात, कण २०-३० मायक्रॉनवर आणतात, मग काही तास घोटतात. घोटताना थोडे इमल्सिफायर घालतात, म्हणजे चॉकलेट कमी चरबीतही वाहतं ठेवणारे पदार्थ. वेष्टनावर ४४२ आणि ४७६ असे आकडे दिसतात ते हे.

यानंतरची पायरी घरी चॉकलेट करणाऱ्यांना सर्वांत जास्त रडवते: टेम्परिंग, म्हणजे कोको बटर योग्य प्रकारच्या स्फटिकांत गोठवणं. साजूक तूप संथपणे गार झालं तर छान रवाळ होतं, फ्रिजमध्ये घाईने गार केलं तर गुळगुळीत थिजतं. तूप तेच, थिजण्याची रीत वेगळी. कोको बटर तर सहा प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो. तो ३४ अंशांच्या जरासा खाली वितळतो, म्हणजे गार खोलीत कडक राहतो आणि तोंडातल्या ३७ अंशांना विरघळतो. तोडताना कटकन आवाज येतो आणि पृष्ठभाग चमकतो तोही याच प्रकारामुळे.

घरी करायचं तर ३०० ग्रॅम मिल्क चॉकलेट घ्या. त्यातलं १०० ग्रॅम किसून बाजूला ठेवा. उरलेलं २०० ग्रॅम गरम पाण्यावरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवा. वरचं भांडं पाण्याला टेकता कामा नये आणि वाफेचा एक थेंबही आत जाता कामा नये, कारण तो वर सांगितलेला चमचाभर पाण्याचा घोळ होईल. खाली उतरवा आणि किसलेलं चॉकलेट थोडं थोडं घालत ढवळा. हे किसलेलं चॉकलेट विरजणासारखं काम करतं: त्यात पाचव्या प्रकारचे स्फटिक आधीच असतात, ते बाकीच्यांना वळण लावतात. तापमान २९-३० अंशांवर आलं की सुरीचं टोक बुडवून बाहेर ठेवा. पाच मिनिटांत चमकदार गोठलं तर जमलं. डाग पडले किंवा ओलंच राहिलं तर आणखी थोडं किसलेलं घाला. आणि हे सगळं बावीस-चोवीस अंशांच्या खोलीत. मे महिन्यात दुपारी, खोलीच ३६ अंशांना असताना, कितीही कौशल्य असलं तरी चॉकलेट गोठणार नाही. पाचवा स्फटिकच त्या तापमानाला द्रव असतो.

पांढरा थर म्हणजे बुरशी का?

बहुतेक वेळा नाही. बार एकदा वितळून पुन्हा गोठला की कोको बटर वर येऊन राखाडी थर धरतं. बोटाने हलकेच चोळा: तुपकट लागून विरघळला तर तो चरबीचा. खरखरीत लागला आणि विरघळला नाही, तर साखरेचा. साखरेचा थर फ्रिजमुळे येतो. गार बार बाहेर काढून लगेच उघडला की हवेतला ओलावा त्यावर दव धरतो, त्यात साखर विरघळते, पाणी उडालं की साखर वर राहते. दोन्ही थर खाण्यासारखे असतात, फक्त चव आणि पोत बिघडतो.

म्हणून आपल्या उन्हाळ्यात बार ठेवायचाच फ्रिजमध्ये, पण हवाबंद डब्यात. शेजारच्या कांद्याचा वास चरबी लगेच उचलते, हे डब्याचं दुसरं कारण. खायच्या अर्धा तास आधी डबा बाहेर काढा आणि न उघडता तसाच राहू द्या.

बारला बारीक भोकं, जाळी किंवा अळी दिसली तर मात्र टाकून द्या. कोको, दूध आणि साखर कीटकांनाही आवडतात, आणि साधं दुमडलेलं वेष्टन त्यांना अडवत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्रात डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. त्यानंतर २००४ च्या सुरुवातीला कंपनीने पूर्ण सीलबंद वेष्टन आणलं. आज दुकानात घेताना ते सील नीट आहे का हे बघण्याची सवय चांगली.

दूध ताजं होतं, पण कोको कुठला?

जाहिरातींत हिरवी कुरणं आणि दुधाचे ग्लास दिसायचे. कोको मात्र येत होता आफ्रिकेच्या पश्चिमेला असलेल्या साओ टोमे आणि प्रिन्सिपे या पोर्तुगीज बेटांवरून. तिथल्या मळ्यांत अंगोलातून आणलेले मजूर राबत. कागदावर ते कराराचे कामगार होते, प्रत्यक्षात त्यांना परत जाता येत नसे. १९०१ मध्ये ही गोष्ट कॅडबरींच्या कानावर आली होती. त्यांनी चौकशी केली, माणसं पाठवली, पोर्तुगीज सरकारशी बोलणी केली, आणि तिथला कोको घेणं थांबवलं ते १९०९ मध्ये. म्हणजे डेअरी मिल्कची पहिली काही वर्षं याच काळात येतात.

एका लंडनच्या वर्तमानपत्राने यावर झोड उठवली, तेव्हा कॅडबरींनी बदनामीचा दावा लावला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅमच्या न्यायालयात ज्यूरीने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. गुलामगिरीच्या विरोधात पिढ्यान् पिढ्या उभ्या राहिलेल्या पंथाच्या घराण्याला आठ वर्षं का लागली, हा प्रश्न रास्त आहे, आणि या बारच्या जन्मकथेतून तो वगळणं मला अप्रामाणिक वाटतं. त्यांनी पुढे गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, कोको घ्यायला सुरुवात केली.

कोको महागला तर बार बारीक का होतो?

घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट मिळून आज जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात. म्हणजे एका पट्ट्यात पाऊसपाणी बिघडलं, झाडं म्हातारी झाली, फांद्या सुजवणारा विषाणू पसरला, की साऱ्या जगाला कोको कमी. २०२३-२४ च्या हंगामात हे सगळं एकदम घडलं. वर्षानुवर्षं टनाला दोन-तीन हजार डॉलर असलेला भाव मार्च २०२४ मध्ये दहा हजारांवर आणि डिसेंबरमध्ये बारा हजारांवर गेला. २०२५ मध्ये तो पुष्कळ उतरला, पण कारखान्यांनी चढ्या भावाने केलेले सौदे दुकानापर्यंत पोचायला वेळ लागतो.

अशा वेळी दुधाच्या चॉकलेटवाल्याकडे तीन वाटा असतात: किंमत वाढवणं, वजन कमी करणं, किंवा कोको कमी करून दुसरी चरबी घालणं. तिसऱ्या वाटेवर कायदा उभा असतो. ब्रिटनमध्ये ‘मिल्क चॉकलेट’ म्हणवून घ्यायला किमान २० टक्के कोकोचे घटक आणि २० टक्के दुधाचे घटक लागतात. २०२५ मध्ये तिथल्या पेंग्विन आणि क्लब या जुन्या बिस्किटांवरचं आवरण त्या रेषेखाली गेलं, तेव्हा त्यांवर ‘चॉकलेटच्या चवीचं’ असं लिहावं लागलं. युरोपात दुधाच्या चॉकलेटसाठी नेहमीची अट २५ टक्के कोकोची. दूध जास्त आणि कोको कमी असलेलं ब्रिटिश धाटणीचं चॉकलेट चॉकलेट म्हणावं का, यावर तिथे जवळपास तीस वर्षं वाद चालला. १९०५ साली ‘सर्वांत जास्त दूध’ हे जे ठरलं, त्याचे पडसाद असे २००० सालापर्यंत उमटत राहिले.

मग इतकं दूध आहे तर पौष्टिक म्हणायचं का?

ब्रिटिश वेष्टनावरचं प्रमाण ४५ ग्रॅमच्या बारला लावलं तर त्यात ८४ मिली दुधाइतका घन भाग येतो. अर्ध्या कपाहूनही कमी. त्याच बारमध्ये दुधातली साखर धरून सुमारे २५ ग्रॅम साखर येते, म्हणजे सुमारे सहा छोटे चमचे. मुलांना दुधाऐवजी कॅडबरी देण्याचं समर्थन या आकड्यांतून होत नाही. चॉकलेट चॉकलेट म्हणून खावं, दूध दूध म्हणून प्यावं.

परदेशातली कॅडबरी वेगळी का लागते?

कॅडबरी भारतात १९४८ मध्ये आली, आधी बाहेरून माल आणून विकायला. नंतर ठाण्यात आणि तळेगावजवळच्या इंदुरीत कारखाने झाले. इथलं दूध वेगळं, हवा गरम, त्यामुळे चरबीचं गणित वेगळं मांडावं लागतं. ब्रिटिश बारमध्ये कोको बटरबरोबर थोडं पाम आणि शिया तेल असतं. अमेरिकेत कॅडबरीच्या नावाने मिळणारा बार हर्शी कंपनी परवान्यावर बनवते. हर्शीचं स्वतःचं दुधाचं चॉकलेट १९०० सालापासूनचं, आणि अमेरिकेहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेलं ते चॉकलेट अनेकांना किंचित आंबूस लागतं. त्यात दुधाच्या चरबीतून सुटणारं ब्युटिरिक आम्ल जाणवतं. जुन्या चीजला किंवा खवट लोण्याला वास येतो तोही याच आम्लाचा. तिकडे वाढलेल्यांना तीच चॉकलेटची खरी चव वाटते.

आता ब्रिटिश आणि भारतीय, दोन्ही वेष्टनं शेजारी ठेवून घटकांची यादी वाचा. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ब्रिटिश बारवर पहिलं नाव दुधाचं, मग साखर. आपल्याकडच्या बारवर पहिली साखर, मग ‘मिल्क सॉलिड्स’. वाचणाऱ्याला वाटतं तिकडे दूध ओततात आणि आपल्याला साखर देतात. पण तिकडच्या यादीत दूध मोजलंय ते भांड्यात ओतताना, ८७ टक्के पाण्यासकट. इथल्या यादीत मोजलंय ते आटून कोरडं झाल्यावर.